जोडाच्या शेजारी

टाकीला तडे गेलेत हे मला कळलं तेव्हा माझे सासरे माझ्या पाठीमागे समुद्र घेऊन उभे होते. गोडेतेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये, झाकण घट्ट लावलेला समुद्र. दुसऱ्या हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. नारळी पौर्णिमा होती, आणि माझं उरकल्याशिवाय त्यांना त्यांचं करता येत नव्हतं, म्हणून ते लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर, डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट घालून, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशा चेहऱ्याने थांबले होते. "झाला का तुमचा?" त्यांनी विचारलं. "सुकतंय, मामा," मी म्हणालो. सुकत होतंच. पांढरी पावडर टाकीच्या गळ्याभोवती सुकत होती आणि तिच्यातून लाल वर येत होतं. माझ्या पाठीमुळे ते त्यांना दिसत नव्हतं, आणि पाठ न हलवता माणूस किती वेळ उकिडवा बसू शकतो याचा मला त्याआधी अंदाज नव्हता.

माझा धंदा तीन डब्यांचा आहे. एकात लाल, एकात पांढरं, तिसऱ्यात पुसायचं. जोडावर लाल फवारायचं, मुरू द्यायचं, पुसून काढायचं, वर पांढरं फवारायचं आणि वाट बघायची. तडा नसेल तर पांढरं पांढरंच राहतं आणि कंपनीवाले चहा पाजतात. तडा असेल तर त्यात लपून बसलेलं लाल हळूहळू वर येतं आणि चहा मिळत नाही. तारापूर एमआयडीसीत मला मेकअपवाला म्हणतात. बोईसरच्या ज्या एजन्सीत मी आहे तिथे आम्ही सगळेच मेकअपवाले, पण माझ्यासाठी ते नाव जरा जास्त मनापासून वापरलं जातं, कारण माझा चेहरा मुळातच कोणीतरी रंगवून ठेवल्यासारखा आहे. तो हलत नाही. वडिलांचाही हलायचा नाही. ते परभणीकडून इथल्या वीजकेंद्रात नोकरीला आले, आम्ही जवळच्या पाम गावात राहिलो, आणि आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत, लग्नापासून तेराव्यापर्यंत, आम्ही दोघं पासपोर्टसाठी बसल्यासारखे दिसतो. अशा चेहऱ्याचा माणूस एकतर साधू होतो किंवा विनोदी. साधूंच्यात ओळख लागते.

ही टाकी शेडच्या आत आहे. गरम नायट्रिक ॲसिडच्या पाण्याची टाकी, दोन माणसांच्या उंचीची, अंगावर उष्णता धरून ठेवणाऱ्या लोकरीचं अस्तर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, म्हणजे हिवाळ्यात शाल पांघरून बसलेल्या म्हातारीसारखी. माथ्यावर मॅनहोल. माणूस आत उतरेल एवढं तोंड, त्याला हातभर उंचीचा गळा, आणि गळा जिथे टाकीला जोडलाय तिथे गोल वेल्डिंग. वर्षाच्या देखभालीसाठी टाकी रिकामी करून थंड केलेली, संध्याकाळी पुन्हा भरायची. मी गळ्याभोवतीची लोकर काढली तेव्हा ती एका बाजूला भुगा झालेली होती आणि हाताला चिकट लागली. मी ती हुंगली. मला वाटलं होतं रसायनाचा वास येईल. वास सातपाटीचा आला. काठीवर बोंबील वाळत घातलेल्या सकाळचा, माझ्या सासरच्या ओट्याचा. तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. पण मी मनात एवढंच म्हणालो की लग्नाला बरीच वर्षं झाली की असं होत असावं, बायकोचं माहेर कशातही येतं.

आधी एक ठिपका आला. मग त्याच्या बाजूला दुसरा. मग सातपाटीच्या खाडीत ओहोटीला पाणी उतरताना चिखलावर जशा वाटा पडतात, एकीतून दोन फुटतात, दोघींतून आणखी कितीतरी, तशा केसाएवढ्या लाल वाटा पांढऱ्यावर उगवायला लागल्या. मी आजवर बरेच तडे पाहिलेत. साधा तडा सरळ असतो, प्रामाणिक असतो, कुठून निघून कुठे चाललाय ते लपवत नाही. हे तसे नव्हते. हे मिठाचे होते. गरम स्टेनलेसला मीठ लागलं, ते तिथेच साचत राहिलं, की पत्रा असा आतल्या आत फाटतो, झाडासारखा, मुळांसारखा. आणि सगळं एकाच बाजूला. गळ्याची पूर्वेची बाजू दुधासारखी पांढरी. पश्चिमेची, जिन्याकडची बाजू, जिथे दर नारळी पौर्णिमेला एक माणूस समुद्राकडे तोंड करून उभा राहतो आणि पाच लिटर पाणी ओततो, ती लाल.

बाहेरच्या टाक्यांना पाऊस धुऊन काढतो. ही आत होती. हिला पाऊस लागत नव्हता, समुद्र तेवढा लागत होता.

"आजून सुकतो?" मागून आवाज आला. "हो," मी म्हणालो.

माझे सासरे, आनंदा तांडेल, आयुष्यभर बोटीवर होते. बोटीत त्यांचा वाटा होता, ती कुठे न्यायची ते ते सांगायचे आणि बाकीचे ऐकायचे. त्यांचा मुलगा धीरज मात्र बोटीवर गेला नाही. दर्यावर वादळ येतं, बोटी उलटतात, एवढं शिकून पोरगा काय जाळी ओढणार, असं माझी सासू रत्नाबाई म्हणायची. म्हणून तो सुरक्षित जागी लागला, म्हणजे इथे. पालघरच्या आयटीआयत तो माझ्या बाकावर होता. माझ्या विनोदांना हसणारा तो पहिला माणूस, आणि तो हसायला लागला की बाकीच्यांना कळायचं की मी विनोद केलाय. तो माझा दुभाषा होता. त्याच्यामुळे मी सातपाटीला जायला लागलो, त्याच्यामुळे त्याची बहीण प्रियदर्शिनी मला दिसली. वाणगावला एका मित्राच्या लग्नाला जाताना रिक्षात मी तिला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का. ती हसत सुटली. म्हणून मी म्हणालो, मस्करी केली. मग ती रडायला लागली. मग पुढे बसलेला धीरज मागे वळून म्हणाला, "अगो, तो पहिल्यांदाच खरं बोलला होता." रिक्षावाल्याने भाडं घेतलं नाही.

आमचं लग्न चांगलं आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण जोड चांगला असला की लोक निर्धास्त होतात. स्टेनलेसला गंज येत नाही तो त्याच्या अंगावरच्या एका पदरामुळे. क्रोमियमचा पदर, इतका पातळ की दिसत नाही. वेल्डिंग करताना जो ताप होतो त्यात जोडाच्या दोन्ही अंगांना बोटभर पट्ट्यातलं क्रोमियम तिथल्या कार्बनबरोबर पळून जातं, आणि तेवढी पट्टी उघडी पडते. जोड ठणठणीत असतो. लोक जोड तपासतात, जोडावर हात फिरवतात, वा म्हणतात. खायला सुरुवात होते ती शेजारी. आमच्या लग्नानंतर माझ्या आईने आमच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं, भांड्यांना मासळीचा वास येतो म्हणून. आणि सासरे मला तुमी म्हणायला लागले. जावयाला मान द्यायचा म्हणून तुमी असतं तसं नव्हतं ते. ते परक्या बोटीला लांबून ओरडून विचारतात तसं तुमी होतं.

मग इथेच ह्या टाकीचा जुना गळा फुटला. धीरज मॅनहोलमधून नमुना काढत होता. जे अंगावर आलं ते गरम होतं आणि नायट्रिक होतं. दवाखान्यात तो पट्ट्यांत होता आणि मी त्याच्या पायाशी उभा होतो. डोळा एक उघडा होता. मी त्याला म्हणालो, "ममीचा रोल मिळाला का रे?" तो डोळा हसला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, कारण सांगणार कोणाला, भाषांतर करणारा तोच होता. अंत्यविधीला मी माझा हाच चेहरा घेऊन उभा राहिलो, आणि सासूबाईंच्या बहिणी एकमेकींना म्हणाल्या, बघ त्याचा तोंड, दगड हाय. कंपनीने झाकणाखालचं गॅसकेट, गळती अडवणारी चकती, गेलं म्हणून सांगितलं. जुना गळा कापून भंगारात दिला, नवीन वेल्ड केला, आणि धीरजच्या जागी घरच्या एकाला नोकरी देऊ म्हणाले. सगळ्यांना वाटलं ती प्रियदर्शिनी घेईल. सासऱ्यांनी घेतली. बोटीतला वाटा भावाला दिला आणि ज्या माणसाच्या शब्दावर बोट वळायची तो माणूस हेल्मेट घालून टाकीच्या काचेतला आकडा बघायला लागला. कोणी विचारलं तर म्हणायचे, "दर्यानं माज्या पोराला कवा हात नाय लावला. हिनं नेला. मंग हिच्यावर नजर कोन ठेवनार?"

आणि दर नारळी पौर्णिमेला तिला समुद्र. दर्याला नारळ देतात, शांत हो म्हणतात, बोटी सोडतात. इथे दर्या नाही, टाकी आहे, पण माणूस नेते ती शांत करायची गोष्ट, एवढं त्यांच्या लेखी पुरेसं होतं. गेल्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी मला हाक मारली आणि ओतताना नारळ माझ्या हातात धरायला दिला. नुसता दिला. घरी जाऊन मी प्रियदर्शिनीला सांगितलं, तुझ्या बाबांनी मला नारळ दिला. तिला वाटलं मस्करी करतोय, हाकललं म्हणतोय. आणि आज सकाळी डबा भरताना तीच म्हणाली, "आज त्यांना काही बोलू नकोस हं. आजच्या दिवशी मस्करी नको. हा दादाचा दिवस असतो त्यांचा."

मी बोलणार नव्हतो. पण टाकी संध्याकाळी भरणार होती. भरू न देणं सोपं होतं. माझ्या बॅगेत लाल पाट्या असतात, एक बांधली की कोणाचा बाप टाकी भरू शकत नाही. मग गळा कापतील, नवीन बसवतील, पुढच्या पौर्णिमेला त्या नव्या गळ्यावर पाच लिटर. तोही फाटेल. आणि मॅनहोलवर नमुना काढायला ज्या माणसाची पाळी असते तो माझ्या मागे उभा होता. हे एकीकडे. दुसरीकडे, मी त्यांना काय सांगणार होतो? की ज्या हाताने तुम्ही तिला शांत करत होता त्याच हाताने तिला पुन्हा माणूस खायला तयार करत होता? एखाद्याचा देव खोटा आहे म्हणणं एक वेळ चालतं, तो फार तर मारायला धावेल. नैवेद्यात विष होतं आणि ते तुम्हीच कालवलंत, हे कुठल्या शब्दांत सांगतात? मला मराठीत असा विनोद येत नव्हता, आणि विनोदाशिवाय मला मराठी येत नव्हतं.

"सरा की वाईच," ते म्हणाले. "मी ओतून घेतो. पाली सुरू व्हायची हाय माजी."

मी सरलो नाही. उठलो मात्र. गुडघे वाजले. म्हणालो, "मामा, आज पाणी ओतू नका."

"का?"

"या पाण्यानंच टाकी फुटतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी माझ्या डोळ्यांकडे, मग तोंडाकडे, मग परत डोळ्यांकडे, जसं क्षितिजावरचा ढग बोट सोडण्याइतका खरा आहे का ते बघतात. मी माझा चेहरा गंभीर करायचा प्रयत्न केला. तो आधीच गंभीर होता. आणखी गंभीर करायला त्यात जागा नव्हती. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. मग दुसरं.

"माज्या पान्यानं?"

"हो. समुद्राच्या मिठानं. स्टेनलेसला मीठ..."

"ही," ते नारळाने टाकीवर टिचकी मारत म्हणाले, "ही ॲसिड पिते. कढत ॲसिड. माजा पोरगा जाळला ज्यानं तो ही पोटात घेऊन रात्रंदिस बसते, तिला काय होत नाय. आनि माजा दर्या बाधला तिला?" आणि ते हसले. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं. धीरज जिवंत असतानाही, माझ्यासमोर नाही. ते हसणं छातीच्या कुठल्यातरी खालच्या कप्प्यातून निघालं, खोकल्यासारखं सुरू झालं, आणि मग थांबेचना. कॅन खाली ठेवून त्यांनी कठडा धरला. हेल्मेट सरकलं. "घाटी तो घाटी," ते म्हणाले, "पन काय बोलतंस रे पोरा! दर्यानं टाकी फोडली!" त्यांचा हात माझ्या पाठीवर पडला. पोरा म्हणाले. तू म्हणाले. मी त्या थापेखाली उभा राहिलो आणि मला, लाज वाटते, बरं वाटलं. धीरज हसायचा तसंच ते हसत होते, तोच कप्पा होता तो, इतकी वर्षं बंद होता आणि किल्ली माझ्याकडे होती. मी आयुष्यात सांगितलेला सगळ्यात भयंकर खरा निरोप, आणि त्याला मिळालेली सगळ्यात मोठी दाद. मी आणखी एक वाक्य बोललो असतो तर ते थांबलं असतं. मी ते वाक्य थोडं लांबवलं. थोडंच. हसणाऱ्या माणसाला मधेच तोडू नये म्हणून.

ते थांबले, डोळे पुसले, कॅन उचलला आणि जिन्याच्या टोकाशी जाऊन खाली ओरडले, "ए बबलू! ए, सुन, जमाई क्या बोलता है!" बबलू त्यांच्या पाळीचा सुपरवायझर, गोरखपूरचा, टाकी कधी भरायची एवढीच त्याला चिंता. सासऱ्यांनी त्याला हिंदीत सांगितलं. त्यांची हिंदी बोटीवरची, तिच्यात दर्या जास्त आणि व्याकरण कमी. बबलूही हसला. "फिर तो चाचा, अंदर से पापलेट भी निकलेगा!" यावर ते दोघं पुन्हा हसले. मी वरून म्हणालो, "बबलूभाई, टाकी भरायची नाही. मी लाल पाटी लावतोय." बबलू म्हणाला, "मजाक मत कर यार, शाम को बैच चढाना है." मी म्हणालो, मजाक नाही. तो आणखी हसला आणि हसतहसत जिना चढायला लागला. आणि सासरे तोवर फोन काढून बसले होते. त्यांना ही गोष्ट सांगायला माणसं कमी पडत होती. त्यांनी घरी लावला, आणि नेहमीसारखा स्पीकरवर, कारण फोन कानाला लावून बोलणं त्यांना लहान माणसाचं वाटतं.

"अगो रत्ना," ते म्हणाले, "ऐक. जावई काय म्हनतो बघ. म्हनतो, मामा, तुमच्या पान्यानं..."

बबलू वर आला होता. तो माझ्या शेजारून वाकून गळ्याकडे बघत होता. त्याचं हसू तोंडावर राहिलं होतं, विसरून गेल्यासारखं, पण खाली काहीच नव्हतं. त्याने पांढऱ्यावरच्या लाल वाटांवरून, न टेकवता, बोट फिरवलं. पश्चिमेकडून सुरू केलं, पूर्वेला आणलं, पुन्हा पश्चिमेला नेलं. "अरे बाप रे," तो हळू म्हणाला. "इधर ही तो चाचा खडा रहता है."

"...तुमच्या पान्यानं," सासरे म्हणाले. त्यांनी बबलूकडे बघितलं. मग बबलूच्या बोटाकडे. मी आता बाजूला झालो होतो, माझ्याही नकळत, आणि त्यांना सगळं दिसत होतं. "टाकी," ते म्हणाले. विनोद अर्धा झाला होता आणि उरलेला अर्धा त्यांच्या तोंडात होता. त्यांनी तो बाहेर काढला, पण आता तो विनोद नव्हता. "टाकी फुटली, म्हनतो."

फोनमध्ये मागे कुठेतरी पिंपातल्या बर्फावर मासळी ओतल्याचा आवाज आला, एक कोंबडा, आणि रत्नाबाईंचा श्वास.

"हॅलो," सासरे म्हणाले.

"कुटली टाकी?" ती म्हणाली.

"तीच."

"जावयबापू हायेत तिते?"

"आहे मी, मामी."

"मस्करी नका करू माजी," ती म्हणाली. "खरा सांगा. दर्याच्या पान्यानं फुटते ती?"

"हो," मी म्हणालो. फोनवर माझा चेहरा दिसत नाही. त्यामुळे तिने विश्वास ठेवला. इतकं सोपं होतं ते.

मग ती एका दमात म्हणाली, "धीरूला पन मीच देत व्हते पान्याचा डबा. तो लागला त्या सालापासून. त्याला लाज वाटायची, गाडीवर पानी घेऊन कसा जाऊ म्हनायचा, मीच जबरदस्तीनं बांधून द्यायची. मशीनीला पन दे, म्हनायची, तुजी रोजी हाय ती." आणि मग, "म्हंजे ती पन मिटानंच फुटली व्हती?"

हा प्रश्न मला माहीत होता. आज सकाळपासून, लोकर हुंगल्यापासून, मी ह्याच्या शेजारून ये-जा करत होतो. जुना गळा कुठल्या अंगाने फुटला होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तो वितळून त्याचे चमचे झाले असतील, वाट्या झाल्या असतील. गॅसकेट असेल. मीठ असेल. कोणी लाल-पांढरं फवारून बघितलं नव्हतं. पण डबा मला आठवत होता. एका पौर्णिमेला मी धीरजला काहीतरी द्यायला इथे आलो होतो, गेटवर अडवलं नाही, ह्याच जिन्याने वर आलो. तो इथेच उभा होता. बूट काढून खाली ठेवले होते, मोजे बुटांत, आणि जिन्याच्या तापल्या लोखंडी जाळीवर अनवाणी पाय एकाआड एक उचलत तो पाणी ओतत होता. डोळे मिटलेले. मी म्हणालो, "चटके बसतायत तर नाच कशाला, लावणी लावू का?" तो हसला नाही. एकदाच, फक्त तेव्हा, तो माझ्या विनोदाला हसला नाही. म्हणाला, "गप. बूट काढ आधी." आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत त्याने कॅन उलटा धरून ठेवला होता, एकही थेंब इकडेतिकडे न सांडता, सगळं नेमकं गळ्याच्या कडेला.

"मामी," मी म्हणालो, "धीरज ओतायचा नाही."

सासऱ्यांनी मान वर केली.

"गेटबाहेरच्या गटारात टाकायचा तो. येतानाच. लाज वाटायची त्याला, बाकीची पोरं चिडवतील म्हणून. मला स्वतः म्हणाला होता. आईला सांगू नको म्हणाला." माझा आवाज हलला. आवाजाचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, त्याचा माझ्याशी कधी संबंध आला नव्हता. "एकदाही ओतलं नाही त्याने टाकीवर. त्या वेळी गॅसकेटच होतं."

"गटारात?" रत्नाबाई म्हणाली.

"हो."

"दर्याचा पानी गटारात?"

"हो, मामी."

"मेला," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतक्या वर्षांनी जीव आला होता, राग आला होता, खराखुरा, घरातल्या माणसावरचा. "मेला खोटारडा. मी इते पाटे उटून नाकापर्यंत पान्यात जाते, साफ पानी आनते, नि हा गटारात... येऊ दे आज घरी. बगतेच त्याच्याकडं."

मग आपण काय बोललो ते तिलाही ऐकू आलं असावं. फोन बंद झाला.

सासरे फोनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. ह्या वेळी त्यांना फार वेळ लागला नाही. "हे मातर खरा बोललास," ते म्हणाले. "तसाच व्हता तो." आणि त्यांच्या खांद्यातून काहीतरी खाली उतरलं, ओझं तरी किंवा पोरगा तरी, मला नक्की सांगता येणार नाही. देवाला हात जोडणारा एक मुलगा त्यांना होता. तो मी गेटबाहेर टाकून आलो होतो, आणि त्याबद्दल ते माझे आभारी होते.

बबलू लाल पाटी मॅनहोलला बांधत होता. त्याला मराठी बरीचशी कळते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

सासरे जिना उतरायला लागले. कॅन आणि नारळ घेऊन. मी मागोमाग. शेडच्या बाहेर, गेटच्या बाहेर, रस्त्याकडेच्या गटारापर्यंत. पावसाळ्याचं पाणी त्यातून मंद चाललं होतं, वर एक फिकट नारिंगी साय. तिथे त्यांनी मला विचारलं, "नक्की कुटं टाकायचा?"

गटार बरंच लांब होतं. मला एक जागा ठरवायला लागली. पानाच्या टपरीजवळ एक फरशी फुटलेली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी बूट काढले. मग, माझ्याकडे बघून वाट बघितली, म्हणून मीही काढले. ते गटाराच्या काठाशी पश्चिमेला तोंड करून उभे राहिले, डोळे मिटले, आणि पाच लिटर समुद्र त्यात ओतला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. टपरीवाला चुना लावायचा थांबला. मग त्यांनी नारळ दोन्ही हातांनी कपाळाला लावून सोडला. सोनेरी कागद लावलेला नारळ नारिंगी पाण्यावर डुलत निघाला आणि थोडं पुढे जाऊन एका प्लास्टिकच्या पिशवीला अडकून थांबला. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. तो हलेना. मग सासऱ्यांनी आजूबाजूला एक काठी शोधली, मला सापडली ती आखूड होती, आणि आम्ही अनवाणी, ओणवे होऊन, नारळ मोकळा करायला लागलो.